दर दिवाळीला तोच पोपडा: जोत्यालगतचा गिलावा पुन्हा पुन्हा का सुटतो

गणपती उठले की रंगाऱ्याला बोलावणे जाते. पावसाळाभर भिंतीच्या तळाने ओल धरलेली असते. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंगाला फोड आलेले असतात, स्कर्टिंगवर पांढरा भुगा साचलेला असतो आणि बोट लावले की गिलाव्याची खपली हातात येते. तेवढा भाग टाचून काढला जातो, नव्या मालात सिमेंट थोडे जास्त पडते, वॉटरप्रूफिंगची पुडी पडते, वर पुट्टी आणि रंग. दिवाळी छान जाते. पुढच्या पावसाळ्यात ओल परत येते, आणि बहुतेक वेळा आधीच्या रेषेच्या सहा-आठ इंच वर चढून येते.

यात गवंड्याच्या हाताचा दोष क्वचितच असतो. भिंत वर्षातली सर्वांत ओली असते तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तिच्यावर सर्वांत घट्ट थर चढवला जातो. दुरुस्तीचा महिना आणि माल या दोन गोष्टी बदलल्या नाहीत, तर कितीही महाग पिशवी आणली तरी फरक पडणार नाही.

आधी हा तोच रोग आहे ना, ते पाहा

गिलावा सुटण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

खालून चढणारी ओल भिंतीभर साधारण एकाच उंचीला थांबते. वरची कड नागमोडी असते, पण पट्टा सलग असतो, आणि खार त्या कडेवरच सर्वांत जास्त फुटलेला दिसतो. तळाचा भाग ओला, वरचा कोरडा आणि मधे पांढरी रेघ, असे दिसले की बाकी फार तपासावे लागत नाही.

एकाच जागी गोल डाग असेल आणि तो उन्हाळ्यातही तसाच राहत असेल, तर भिंतीपलीकडचे बाथरूम किंवा आतून गेलेली नळाची लाइन बघा. घरातले सगळे नळ बंद करून मीटरवर तासभर नजर ठेवा. काटा हलला तर गळती नळात आहे. काटा स्थिर असेल तर बाथरूमच्या जमिनीची जाळी चिंधी-प्लास्टिकने बंद करून २-३ सेंटिमीटर पाणी २४ ते ४८ तास साठवा. पातळी आधी खुणेने नोंदवा आणि पाण्यात थोडा रंग घाला. डाग गडद झाला किंवा पातळी बाष्पीभवनाच्या मानाने फारच उतरली, तर दोष टाइल्सच्या सांध्यांत किंवा ट्रॅपभोवती, म्हणजे जाळीखालच्या पाणी जाण्याच्या भांड्याभोवती, आहे.

पाऊस पडल्यावर काही तासांतच ओल दिसते आणि आठवडाभराच्या उघडिपीत जाते, ती बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगेतून, खिडकीच्या चौकटीच्या कडेने किंवा छज्ज्यावरून आत येते.

छोटे, शंकूच्या आकाराचे खड्डे पडत असतील आणि प्रत्येकाच्या तळाशी पांढरा कण असेल, तर ते न विरलेल्या चुन्याचे खडे आहेत. ते ओलाव्याने फुगून उडतात. सगळे उडून झाले की बुजवायचे, एवढाच त्यावर उपाय.

बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर सरळ आडवी चीर येते ती दोन वेगळ्या साहित्यांच्या कमी-जास्त आकसण्यामुळे. ती नुसती भरून काही होत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढून, एक फूट रुंदीची गॅल्व्हनाइज्ड चिकन मेश खिळ्यांनी ताणून बसवून मगच माल मारायचा. काळ्या जमिनीवरच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटणारी चीर असेल, तर हालचाल पायाची आहे. तिथे गिलाव्याचे काम थांबवा.

कॉलम किंवा बीमच्या लांबीने उभी-आडवी चीर पडून तांबूस डाग उतरत असतील, तर आतली सळई गंजून फुगते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटचे आवरण ढकलून देतो. त्यावर गिलावा मारणे म्हणजे धोका झाकणे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तिथे थापी लावू नका. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे ते याचसाठी.

भिंतीच्या आत काय चालते

वीट, जांभा, चुन्यामातीचा सांधा, सगळ्यांत केसासारखी बारीक छिद्रे असतात. जमिनीतले पाणी त्यांतून वातीत तेल चढावे तसे वर चढते. येताना मातीतले आणि विटांमधले क्षार विरघळवून आणते. भिंतीच्या पृष्ठावर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. स्फटिकाला वाढायला जागा लागते. ती छिद्रात मिळाली नाही तर तो छिद्राची भिंत फोडतो. यालाच जुनी माणसे भिंतीला लोणा लागला म्हणतात.

पृष्ठ मोकळे श्वास घेणारे असेल, उदाहरणार्थ चुन्याचा गिलावा आणि सफेदी, तर स्फटिक बाहेर येतात आणि केरसुणीने झाडता येतात. पृष्ठावर ऑइल पेंट, अॅक्रिलिक रंग किंवा घोटलेले निव्वळ सिमेंट असेल, तर पाणी तिथून उडू शकत नाही. मग स्फटिक रंगाच्या मागे धरतात, फोड येतात. आणि १:३ चा घट्ट सिमेंट गिलावा असेल तर पाणी त्याच्या मागून आणखी वर चढून जिथे मोकळे पृष्ठ मिळेल तिथे बाहेर पडते. दुरुस्तीनंतर ओल सहा इंच वर का गेली, याचे उत्तर हे आहे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. काही क्षार, विशेषतः क्लोराइड आणि नायट्रेट, हवेतली दमट वाफ ओढून घेतात. त्यामुळे जमिनीतून पाणी येणे पूर्ण थांबवले तरी जुलैच्या दमट हवेत तो जुना पट्टा पुन्हा ओला दिसतो. खारावलेला जुना गिलावा भिंतीवर राहू दिला तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. कोकणात खाडीच्या रेतीने केलेल्या गिलाव्यात हे फार दिसते, कारण मीठ पहिल्या दिवसापासून मालातच असते.

पाणी कुठून येते ते आधी बंद करा

घराभोवती एक फेरी मारा, शक्यतो भर पावसात.

बाहेरची जमीन जोत्याच्या किती खाली आहे ते मोजा. डीपीसीचा थर, म्हणजे जोत्यावरचा ओल अडवणारा पट्टा, बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर वर असायला हवा. बांधताना तो असतोही. नंतर पेव्हर ब्लॉक बसतात, बागेची माती चढते, आणि शहरांत रस्ता थरावर थर चढवून इतका वर येतो की जुन्या घराचे जोते रस्त्याच्या पातळीला पोचते. मग डीपीसी असून नसल्यासारखी. जी माती किंवा फरशी घरमालकाच्या हद्दीत आहे ती खाली उतरवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तोच सगळ्यांत कमी केला जातो.

बाहेरचा गिलावा सलग खाली मातीपर्यंत गेलेला असेल तर तोच डीपीसीला वळसा घालून पाणी वर नेतो. जोत्याच्या रेषेवर तो आडवा कापून मधे मोकळी खाच ठेवा.

पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर पन्हळ लावून दूर सोडा. भिंतीला लागून दोन-तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा करा, त्याला ४० ला १ असा बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि भिंत व पट्टा यांच्यातली फट डांबरी किंवा पॉलिसल्फाइड सीलंटने भरा. भिंतीला टेकलेली कुंड्यांची रांग आणि रोज पाणी घातले जाणारे वाफे हलवा. जुन्या वाड्याच्या भिंतीलगत निचऱ्याचा चर खणायचा असेल तर तो पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका आणि एका वेळी थोड्याच लांबीत खणा.

डीपीसी मुळातच नसेल तर भोके पाडून सिलेन-सिलॉक्सेनची, म्हणजे छिद्रांत पाणी चढू न देणाऱ्या रसायनाची, क्रीम भरण्याची पद्धत आहे. विटांच्या आडव्या सांध्यात, जमिनीपासून साधारण १५० मिलिमीटरवर, १२ मिलिमीटर व्यासाची भोके दर १२० मिलिमीटरला पाडतात. पलीकडची बाजू ४० मिलिमीटर राहील एवढी ती खोल असतात. सरळ सांधे असलेल्या वीटकामात ती चांगली चालते. दगडमातीच्या जाड भिंतीत, जिथे मधे भरावच आहे, तिथे सलग पट्टा तयार होण्याची खात्री देता येत नाही. अशा भिंतीत पैसा निचऱ्यावर घालावा.

दिवाळी ते होळी: भिंत उघडी ठेवा

यंदाची दिवाळी तोंडावर असेल तर सुटलेला रंग खरवडून, कोरड्या ब्रशने झाडून, चुन्याची सफेदी मारा आणि सण साजरा करा. सफेदीसाठी विरवलेला चुना वस्त्रगाळ करून दुधाइतका पातळ करा आणि दोन-तीन हात द्या. त्यात गोंद किंवा अॅक्रिलिक बाइंडर घालू नका. कळीचा चुना घरी विरवणार असाल तर पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो उकळतो आणि उसळतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

भाऊबीज झाली की खरे काम सुरू.

आधी त्या भिंतीची वीज एमसीबीवरून बंद करा, कारण सॉकेटकडे जाणारे पाइप बहुतेक याच उंचीत असतात. सर्वांत वरच्या ओलीच्या खुणेपेक्षा ४५ सेंटिमीटर वर आडवी रेघ मारा. ग्राइंडरने त्या रेघेवर फक्त गिलाव्याच्या जाडीइतका, १२ ते १५ मिलिमीटर, काप द्या. वीट कापू नका. त्याखालचा सगळा गिलावा, स्कर्टिंगसकट, विटेपर्यंत काढा. पोकळ वाजत नाही म्हणून मधला एखादा भाग ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, खार त्यातही आहे. सांधे १५ ते २० मिलिमीटर खोल खरवडा.

निघालेला राडा त्याच दिवशी पोत्यात भरून बाहेर काढा. भिंतीशी ढीग करून ठेवला आणि त्यावर पाणी पडले तर क्षार परत जमिनीत आणि भिंतीत जातात. हा राडा चाळून नव्या मालात वापरणे तर अजिबात नको.

भिंत धुवू नका. स्वच्छता म्हणून पाईप लावला जातो आणि पृष्ठावर आलेले क्षार पुन्हा आत ढकलले जातात. दर पंधरा दिवसांनी कोरड्या ताठ ब्रशने झाडा आणि भुगा गोळा करून टाकून द्या. पहिल्या दोन-तीन झाडण्यांत पुष्कळ निघतो, मग कमी होत जातो. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा. हीटर नको.

किती थांबायचे? भिंत पूर्ण वाळायला जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा जुना ढोबळ हिशोब आहे. ९ इंची भिंतीला त्या हिशोबाने नऊ महिने होतात. घरात राहून ते जमत नाही. पण पाण्याचा स्रोत बंद केला असेल आणि पुढचा माल चुन्याचा वापरणार असाल, तर चार महिने पुरतात, कारण उरलेली ओल त्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर जाऊ शकते. दिवाळी ते होळी हा काळ त्यासाठीच नेमका आहे. हवा कोरडी असते, आणि गिलावा करताना एप्रिल-मेचा कडक ताप नसतो.

वाळली की नाही हे हाताने कळत नाही. भिंतीवर टोचायचे ओलावा-मीटरही क्षारांमुळे खोटे आकडे दाखवते. त्यापेक्षा हळू फिरणाऱ्या ड्रिलने विटेत दोन-तीन इंच आतून १०० ग्रॅम भुकटी काढा, लगेच वजन करा, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडे वर तीन-चार तास ठेवून पुन्हा वजन करा. ९५ ग्रॅमपेक्षा कमी भरली तर अजून थांबा.

माल आणि हात

वाळू आधी तपासा. काचेच्या सरळ बरणीत निम्मी वाळू, वर पाणी, चमचाभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बसलेल्या गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर ती वाळू धुऊन घ्या किंवा परत करा. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घेणार असाल तर प्लास्टरची वेगळी चाळलेली घ्या. बांधकामाच्या क्रश सँडमध्ये भुकटी जास्त असते आणि गिलाव्याला बारीक जाळीदार चिरा पडतात. बोअरचे पाणी खारे असेल तर या कामापुरते गोडे पाणी आणा.

विटांच्या सिमेंटी बांधकामाला आणि जांभ्याला सिमेंट, चुना, वाळू १:१:६ हे प्रमाण ठेवा. चुन्यामातीत बांधलेल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला सिमेंट अजिबात नको. तिथे चुना आणि वाळू १:३, किंवा वाळूतला काही भाग सुर्खीचा, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीचा. गिलावा नेहमी भिंतीपेक्षा मऊ असावा. सुटायची वेळ आली तर तो सुटावा, वीट नको.

चुना खरेदी करताना पिशवीवर हायड्रेटेड लाइम, म्हणजे विरवलेला चुना, लिहिलेले पाहा. चुन्याच्या नावाखाली खडूची भुकटी विकली जाते, ती वाळूला धरून ठेवत नाही.

१० फूट लांब आणि ४ फूट उंच पट्ट्याला १५ मिलिमीटर जाडीसाठी, खरवडलेले सांधे धरून, साधारण ७५ लिटर वाळू, १२-१३ लिटर म्हणजे १८ किलो सिमेंट आणि तितकाच आकारमानाने चुना, म्हणजे ७-८ किलो, लागतो. मोजमाप घमेल्याने किंवा बादलीने करा. फावड्याने मोजले की प्रत्येक घाण्याचा माल वेगळा होतो.

चुना आणि वाळू आदल्या संध्याकाळी पाणी घालून कालवा आणि ओल्या पोत्याखाली रात्रभर ठेवा. सकाळी लागेल तेवढ्याच मालात सिमेंट मिसळा आणि अर्ध्या-पाऊण तासात संपवा. आवळलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करणे ही नेहमीची चूक आहे. तो माल भिंतीला चिकटल्यासारखा वाटतो आणि सुकल्यावर पोकळ वाजतो.

भिंतीवर हलके पाणी शिंपडा, पृष्ठावरचे पाणी शोषले जाईपर्यंत थांबा. सिमेंट आणि जाड वाळू १:२ च्या सैल मालाचा शिंतोडा मारा, निम्मीच भिंत झाकेल असा. चुन्यामातीच्या भिंतीवर तोही नको. माल चिकटावा म्हणून लावतात ती लेटेक्सची (रबरी द्रवाची) स्लरी सरसकट फासू नका, ती ओलीला पुन्हा अडसर होते. दोन दिवसांनी पहिला हात, ९ ते १० मिलिमीटर. जांभ्यातली मोठी भोके असतील तर ती आदल्या दिवशी माल आणि कपच्यांनी भरून घ्या, नाहीतर तिथे जाडी वाढून चीर जाते. पहिला हात आवळला की काट्याने नागमोडी ओरखडे ओढा. आठवडाभर ओला ठेवा, मग दुसरा हात, ५ ते ६ मिलिमीटर.

शेवट लाकडी रंध्याने करा. लोखंडी थापीने घोटू नका आणि वरून कोरडे सिमेंट भुरभुरवू नका. गुळगुळीत पृष्ठ डोळ्यांना बरे वाटते, पण त्याने सिमेंटची साय वर येते, छिद्रे बंद होतात आणि केसासारख्या चिरा पडतात. गिलाव्याची खालची कड फरशीला टेकवू नका. १० ते १२ मिलिमीटर फट ठेवा आणि पुढे स्कर्टिंगने ती झाका, नाहीतर पोछ्याचे पाणी रोज वर चढेल. जुन्या आणि नव्या गिलाव्याच्या सांध्यावर बारीक खाच सोडा. तिथे चीर येणारच असते, ती खाचेत लपते.

सात ते दहा दिवस दिवसातून तीन-चार वेळा फवारा मारून पृष्ठ दमट ठेवा. पाईपने भिजवून पाणी वाहू देऊ नका.

वर काय लावू नये

पुट्टी नको, पीओपी तर नकोच, तो ओलाव्याने मऊ पडतो. गिलाव्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट रंग (ओल बाहेर जाऊ देणारा खनिज रंग) द्या आणि एक पूर्ण पावसाळा त्यावरच काढा.

चार फुटांपर्यंत टाइल्स लावून टाकणे, पीव्हीसी पॅनेल ठोकणे, आतून इपॉक्सी फासणे हे उपाय फार सुचवले जातात. तिन्हींनी पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. टाइल्सच्या वरच्या कडेवर दोन पावसाळ्यांत फोड येतात, आणि पॅनेलमागे बुरशी धरते तिचा वास कपाटापर्यंत जातो. बाहेरच्या गिलाव्यात, पाऊस थेट झोडपतो त्या बाजूला, वॉटरप्रूफिंग कंपाउंड जरूर वापरा. तिथे त्याचे काम आहे.

पहिल्या पावसाळ्यात नव्या गिलाव्यावर थोडा खार फुटला तर घाबरू नका. भिंतीत उरलेला क्षार बाहेर येतो आहे. कोरड्या ब्रशने झाडा, ओले फडके लावू नका. दुसऱ्या पावसाळ्यात भुगा कमी आणि पट्ट्याची उंची तेवढीच किंवा खाली असेल, तर काम धरले आहे आणि दिवाळीनंतर हवा तो श्वास घेणारा रंग देता येईल. भुगा वाढला आणि रेघ वर सरकली, तर गिलावा फोडू नका. पुन्हा बाहेर जाऊन जोत्याची पातळी आणि पन्हळ तपासा.